लोकांकडून वाहतुकीचा नकाशा करून घ्यायचाय, ॲप बनवावं का?

तुम्ही विचारलंय की कोल्हापुरात आपल्या प्रभागातल्या लोकांना बरोबर घेऊन चालणं, सायकल आणि बसचा नकाशा करायचाय, तर आधी ॲप बनवावं का. माझं मत विचाराल तर आत्ता नको.

आम्ही आधी ऑनलाइन फॉर्म फिरवला होता. उत्तरं आली ती बहुतेक दुचाकीवाल्यांची, पार्किंग आणि खड्ड्यांवर. चालत जाणारी माणसं त्यात नव्हतीच. मग ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून बनवलेल्या खुल्या ऑनलाइन नकाशावरून शिवाजी पेठ ते बिंदू चौक एवढाच भाग मोठ्या कागदावर छापला (तो कुणीही छापू शकतो, खाली श्रेय तेवढं द्यायचं) आणि तालमीच्या कट्ट्यावर पसरला.

तिथं पहिली अडचण कळली. उत्तर दिशा वर असते याचं कुणाला काय पडलंय? मिरजकर तिकटी, पापाची तिकटी, गंगावेश ही नावं ठळक लिहिली तेव्हा कुठं लोकांची बोटं कागदावर फिरायला लागली.

'समस्या काय?' असं मात्र विचारू नका. खड्डे, कुत्री आणि नगरसेवक, एवढंच ऐकायला मिळतं. 'काल घरातनं मंडईत कसं गेलात, बोटानं दाखवा' म्हणा. बोट फिरता फिरता मध्येच थांबतं: "इथं मी रस्ता ओलांडत नाही, पुढनं जाते." तिथं ठिपका मारायचा. एका आजींनी महाद्वार रोडला जायला दोन गल्ल्यांचा वळसा दाखवला, का तर वाटेत टेकायला एक पायरी आहे. ही पायरी कुठल्या फॉर्ममध्ये भरणार?

वेळही विचारा. परीख पुलाखालची वाट उन्हाळ्यात वेगळी आणि पावसाळ्यात पाणी साचल्यावर वेगळी. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवतीचा नकाशा तर पारच बदलतो.

मोबाइल लागतो तो केएमटीसाठी, म्हणजे महापालिकेच्या बसचे मार्ग नोंदवायला. नैरोबीत विद्यार्थ्यांनी मटाटू नावाच्या खासगी मिनीबसमधनं फिरत फोनवर मार्ग आणि थांबे नोंदवले. 2014 मध्ये तिथल्या प्रशासनानं तोच नकाशा अधिकृत केला. आपल्याकडंही चार पोरं आठवडाभर बसनं फिरली तरी पुष्कळ हाती लागेल.

तयार झालेला नकाशा परत त्याच कट्ट्यावर लावा, चुका दुरुस्त करायला शेजारी पेन्सिल बांधून ठेवा. आमची दुसऱ्याच दिवशी गेली, दोरीसकट.