"मला काही नको, फक्त सोडवा" म्हणण्याआधी

डिव्होर्सचा विचार करणाऱ्या बायका माझ्याकडे येतात तेव्हा एक प्रश्न ठरलेला असतो, घर सोडून माहेरी गेले तर सगळे हक्क जातात का? आणि त्याच्या मागोमाग एक वाक्य येतं, "मला काही नको हो मॅडम, मुलगा माझ्याकडे राहू दे आणि मला यातून सोडवा." मला प्रश्नापेक्षा या वाक्याचीच जास्त काळजी वाटते, कारण प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे, पण हे वाक्य एकदा कोर्टाच्या कागदावर उतरलं की ते मागे घेताना नाकी नऊ येतात.

मेघनाचं सांगते, नाव आणि ओळखीचे तपशील बदललेत. भांडुपला वन बीएचके, दोघांच्या नावावर, होम लोनही दोघांच्या नावावर. मुलगा सात वर्षांचा. ती एका दवाखान्यात फ्रंट डेस्कला, पगार २२ हजार, नवरा सचिन खासगी कंपनीत, त्याचा पगार तिच्या तिपटीच्या वर. मारहाण वगैरे नव्हती पण दोन वर्षं दोघांत बोलणंच नव्हतं, तो हॉलमध्ये झोपायचा, ही मुलाला घेऊन बेडरूममध्ये, सासूबाई गावाहून आल्या की तेवढे दिवस सगळं ठीक असल्याचं दाखवायचं. शेवटी सचिनने म्युच्युअलचा, म्हणजे दोघांच्या संमतीने घ्यायच्या घटस्फोटाचा, ड्राफ्ट करून आणला आणि ही सही करायला तयार होती. ड्राफ्टमध्ये काय, तर फ्लॅटमधला हिस्सा ती सोडणार, पोटगी मागणार नाही, मुलगा तिच्याकडे आणि बाबा कधीही येऊन भेटू शकतो. मुलाच्या खर्चाबद्दल एक ओळ नाही.

मी तिला एवढंच विचारलं, हे तुला पटलंय म्हणून सही करतीयेस की थकलीयेस म्हणून? त्यावर ती खूप वेळ रडली. त्या दिवशी कायद्यातलं मी काहीच बोलले नाही, थोडे दिवस बहिणीकडे विरारला जाऊन ये म्हटलं, तर लगेच घाबरली, "गेले तर सोडून गेली म्हणून केस टाकतील, घरावर पाणी सोडावं लागेल, मुलगाही देणार नाहीत." शेजारच्या काकूंनी सांगितलेलं.

मी वकील नाही, पण एवढं प्रत्येकीला माहीत असायलाच हवं असं मला वाटतं. सोडून जाणं या कारणावर हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट मागायचा तर सलग दोन वर्षं, योग्य कारणाशिवाय आणि दुसऱ्याच्या मनाविरुद्ध वेगळं राहिलेलं असावं लागतं, पंधरा दिवस बहिणीकडे गेल्याने काही होत नाही. फ्लॅटच्या कागदावर नाव आहे ते कुठे राहिलं तरी तसंच राहतं. आणि छळ असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने त्या घरात राहण्याचा हक्क बाईला आहे, घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी. मुलाचं म्हणाल तर कोर्ट त्याचं हित कशात आहे ते बघतं, आई चार दिवस कुठे होती एवढ्यावरून ताबा ठरत नाही.

बहिणीकडून आली ती जरा झोप झालेली आली आणि मग आम्ही ड्राफ्ट पुन्हा वाचायला घेतला, सोबत तिने स्वतःची वेगळी वकीलही केली, हे मी फार आग्रहाने सांगते, दोघांचा मिळून एकच वकील स्वस्त पडतो पण तो ज्याने आणला त्याच्याच बाजूने कागद लिहिला जातो असं मी खूपदा पाहिलंय.

सगळ्यात मोठी गोष्ट निघाली ती लोनची. ड्राफ्टप्रमाणे ती रिलीज डीड करून हिस्सा सोडणार होती, पण बँकेच्या लोनवर तिचं नाव तसंच! म्हणजे घर सचिनचं आणि उद्या त्याने हप्ता चुकवला तर बँक हिच्या मागे, सिबिल हिचं खराब. कोर्टाचा निकाल लागला म्हणून बँक नाव काढत नाही, बँकेशी करार वेगळा आहे, बँकेने मान्य केलं तरच नाव निघतं. दुसरं, डाउन पेमेंटमध्ये तिच्या वडिलांनी ५ लाख दिले होते, ते ती विसरूनच गेलेली, जुन्या स्टेटमेंटमध्ये चेकची एंट्री सापडली. तिसरं, तिचे दागिने सासूबाईंच्या लॉकरमध्ये. ते स्त्रीधन, कायद्याने फक्त तिचं. लग्नाचे फोटो आणि सोनाराची बिलं काढून यादी केली.

मुलाच्या खर्चाचं मात्र मी जरा कडक बोलले. स्वतःची पोटगी तू सोड, तुझी मर्जी, पण मुलाची पोटगी हा मुलाचा हक्क आहे, तो आईला सोडून देता येत नाही. आणि कमावत्या बाईला पोटगी मिळतच नाही हेही खोटं, दोघांचं उत्पन्न आणि राहणीमान बघून कोर्ट ठरवतं. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर तर पोटगीच्या केसमध्ये दोघांनाही आपली मिळकत आणि देणी प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागतात.

सचिनही एकदा भेटून गेला. त्याची भीती वेगळीच, "मॅडम, ती अर्धं सगळं घेऊन जाईल ना?" कुणी तरी ऑफिसमध्ये सांगितलेलं. आपल्याकडे हिंदू कायद्यात नवऱ्याच्या मालमत्तेची आपोआप अर्धी वाटणी होत नाही, नाव कुणाचं आणि पैसे कुणी घातले ते बघितलं जातं, हे ऐकल्यावर त्याचा आवाज उतरला आणि मग तो मुलाच्या फीबद्दल नीट बोलायला लागला. वाईट माणूस नव्हता, तोही घाबरलेलाच होता.

दोघांनाही वाटत होतं की आता एक वर्ष भाड्याने वेगळं राहावं लागणार, मुंबईत ते परवडणार कसं. म्युच्युअलला एक वर्ष वेगळं राहिलेलं लागतं हे खरं, पण नवरा-बायको म्हणून एकत्र राहत नसाल तर एका छताखालीही ते वेगळं राहणं धरलं जातं, आणि यांची दोन वर्षं तशीच गेली होती. अर्ज केल्यावर सहा महिने थांबायचं असतं, २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने काही परिस्थितीत कोर्ट ते माफ करू शकतं. शेवटच्या हुकमापर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून सगळे पैसे आधी द्यायचे नाहीत आणि सगळ्या सह्याही आधी करायच्या नाहीत.

शेवटी ठरलं ते असं. एकट्या सचिनच्या पगारावर बँक तयार होईना म्हणून त्याचा भाऊ लोनवर आला, मेघनाचं नाव निघाल्याचं बँकेचं पत्र हातात आल्यावरच तिने रिलीज डीड रजिस्टर केलं. तिच्या हिश्शाचे पैसे, त्यात वडिलांचे ५ लाखही, अर्धे अर्जाच्या वेळी आणि अर्धे सेकंड मोशनला, म्हणजे कोर्टातल्या दुसऱ्या आणि शेवटच्या टप्प्याला, डीडीने. शाळेची फी आणि मेडिक्लेम सचिनकडे, वर मुलासाठी दर महिन्याला ठरलेली रक्कम. "कधीही भेटू शकतो" काढून एक आड एक शनिवार-रविवार, गणपतीत मुलगा बाबाबरोबर कोकणात, दिवाळीचे पहिले दोन दिवस आईकडे, असं तारखांसकट लिहिलं, कारण मोघम लिहिलं की प्रत्येक सुट्टीला नवीन भांडण. स्वतःची महिन्याची पोटगी मेघनाने सोडलीच, पण यावेळी हिशोब समोर ठेवून, सगळं समजून. बांद्र्याच्या फॅमिली कोर्टात काउन्सेलरने विचारलं की दबावाखाली सही करताय का, तर सरळ नाही म्हणाली.

वकिलाच्या फीपायी समोर येईल त्या कागदावर सही करायच्या बेतात कुणी असेल तर थांबा, बाईला कितीही उत्पन्न असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, हेल्पलाइन १५१०० आहे, आणि जाताना ड्राफ्टची कॉपी, लोनचं स्टेटमेंट आणि फ्लॅटचे कागद सोबत न्या.