नवऱ्याने भांडणात गळा दाबला, दुसऱ्या दिवशी पाया पडून माफी मागितली. पहिल्यांदाच झालंय, तर सोडून द्यावं का?

नाही, सोडून देऊ नका. गळ्याला हात घातला म्हणजे धोका जिवापर्यंत आलाय असं समजा. अमेरिकेतल्या जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिका-संशोधिकेने १९८५ मध्ये घरच्या माणसाकडून बाईच्या जिवाला किती धोका आहे ते जोखणारी प्रश्नावली केली, त्यात ‘गळा दाबतो का’ हा प्रश्न आहे. पुढे २००८ च्या अभ्यासात, आधी गळा दाबला गेलेल्या बायकांचा जोडीदाराकडून खून होण्याची शक्यता सातपटीहून जास्त दिसली. माफी खरी असेलही, त्याने हा आकडा बदलत नाही.

सोबत यातलं काही असेल तर जास्तच सावध राहा:
- सतत संशय, फोन तपासणं, माहेरच्यांशी बोलणं तोडणं
- ‘मारून टाकीन’ किंवा ‘मीच जीव देतो’ अशी धमकी
- गरोदरपणात मारहाण

वळ नसला तरी डॉक्टरकडे जा. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके ही लक्षणं सांगा, आणि ‘गळा दाबला’ असंच म्हणा. ‘पडले’ म्हणालात तर केसपेपरवर तेच चढतं, आणि पुढे तोच कागद दाखवावा लागतो.

एक मात्र, ‘मी चालले’ असं त्याला आधी सांगू नका. घर सोडतानाचा आणि त्यानंतरचा काळ सगळ्यात धोक्याचा. आधी १८१ वर (महिला हेल्पलाइन) किंवा जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याशी (२००५ च्या घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली नेमलेल्या) बोला. अंगावर आलाच तर ११२ (पोलिसांची तातडीची मदत).