झहीर खान 130-135 नेच टाकायचा, मग त्याला एवढा मोठा फास्ट बोलर का म्हणतात? माझा मुलगा 16 वर्षांचा आहे, तालुक्याच्या गावात राहतो, त्याला फास्ट बोलर व्हायचंय, स्पीड वाढवायला काय करू?

प्रश्नातला "नेच" वाचला आणि जेवता जेवता लिहायला बसलो. हे "नेच" मी 2003 पासून ऐकतोय, तेही झहीरच्या गावच्या, श्रीरामपूरच्याच माणसाकडून, म्हणजे माझ्या सख्ख्या मामाकडून.

आधी एक क्लिअर करू. ताशी 135 किलोमीटरचा झहीर हा नंतरचा झहीर. 2000 साली नैरोबीत आयसीसीच्या नॉकआउट स्पर्धेत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ज्या यॉर्करवर स्टीव्ह वॉची दांडी उडाली तो झहीर चांगला फास्ट होता, 140 च्या वर सहज जायचा. धावत यायचा लांबून, क्रीजजवळ एवढी उंच उडी मारायचा की आता खाली येतो की नाही असं वाटायचं. तुम्ही बहुतेक 2011 वाला बघितलाय. गंमत अशी की 2011 वाला जास्त चांगला होता. ते कसं, हेच माझं उत्तर आहे, स्पीड वाढवायचं वगैरे नंतर बघू.

माझं गाव कोपरगाव, मामा श्रीरामपूरला, कारखान्यात टाइमकीपर होते. सुट्ट्यांमध्ये आम्ही तिकडेच. झहीर टीममध्ये आला तेव्हा सगळं श्रीरामपूर त्याचं नातेवाईक झालं होतं, ज्याला विचाराल तो त्याच्या बोलिंगवर बॅटिंग केलेला. मामा तर सांगायचे की त्याच्या वडिलांच्या फोटो स्टुडिओत आपण पासपोर्ट फोटो काढलाय, जणू काही त्यामुळेच पोरगा इंडियाला खेळला. मी डावखुरा, त्यात फास्ट टाकायचो, त्यामुळे मामांच्या गल्लीत माझं नावच "झहीर" पडलेलं. मला काय, मी हवेत.

मग 23 मार्च 2003. वर्ल्ड कपची फायनल, जोहान्सबर्ग. मी नववीत. मामांच्या घरात पंधरा-वीस माणसं, शेजारचे, कारखान्याचे, पोरं खाली सतरंजीवर. गांगुलीने टॉस जिंकून बोलिंग घेतली आणि पहिली ओव्हर झहीरला. त्या ओव्हरला 15 रन गेले. नो बॉल, वाइड, वर हेडनला काहीतरी बोलत होता. ओव्हर संपता संपत नव्हती. घरात कोणी बोलेना. मामा उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले, आणि दारातून म्हणाले, "घालवली कप. आपल्याच गावच्याने घालवली." पुढे पाँटिंगने 140 केले, ऑस्ट्रेलियाचे 359 झाले, झहीरचे 7 ओव्हरमध्ये 67, विकेट एक नाही. पण मामांच्या हिशोबात मॅच पहिल्या ओव्हरलाच संपली होती. त्याच स्पर्धेत त्याने 18 विकेटा काढल्या होत्या हे मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो. मामा म्हणतात 18 तू ठेव, मला 15 चं सांग.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं त्याची वाईटच गेली, ते खोटं नाही. 2003 च्या डिसेंबरला ब्रिस्बेनला पहिल्याच डावात 5 विकेटा काढल्या आणि लगेच मांडीचा स्नायू धरला. मग फिटनेस, वजन, टीममध्ये आत-बाहेर. ढाक्याला अकराव्या नंबरला येऊन 75 मारले तेव्हा मामा म्हणाले आता बॅटिंगच कर म्हणावं. 2006 ला सरळ बाहेर. इरफान पठाण होता, श्रीशांत होता, आर. पी. सिंग होता, कोणाला आठवण येत नव्हती.

तेव्हा तो इंग्लंडला वूस्टरशायरकडून काउंटी खेळायला गेला. एका सीझनमध्ये 78 विकेटा. पेपरात चार ओळी यायच्या, त्या पण आतल्या पानावर. आणि हिवाळ्यात साउथ आफ्रिकेच्या दौऱ्यावर परत टीममध्ये दिसला तेव्हा मी टीव्हीसमोर बसून चक्क पावलं मोजली होती. रनअप कमी केलेला. उडी कमी. आधी नुसता जीव खाऊन पळत यायचा, आता चालत चालत निघाल्यासारखा निघायचा आणि शेवटच्या चार पावलात सगळं. स्पीड कमी झाला होता थोडा, पण बॉल जिथे टाकायचा तिथे पडत होता, आणि दोन्हीकडे वळत होता.

हे मला एवढं लागायचं कारण माझी कंबर. त्याच वर्षी पावसाळ्यात माझी कंबर गेली होती. बारावी झाली, नगरला इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतलेली आणि सकाळ-संध्याकाळ नेटला. 18 पावलांचा रनअप, मॅटिंगची विकेट, खाली सिमेंट, पाय आपटून आपटून एक दिवस सकाळी उठताच येईना. डॉक्टर म्हणाले सहा आठवडे बॉलला हात लावायचा नाही. मी लावला नाही. आणि परत आलो तेव्हा झहीरचं बघून रनअप 11 पावलांवर आणला. कोणी शिकवलं नाही, आपलं आपणच. खरं सांगतो, आयुष्यात एवढी चांगली बोलिंग मी आधी कधी टाकली नव्हती. पळण्यात दम जात नव्हता त्यामुळे मनगटाकडे लक्ष राहायचं, सीम, म्हणजे बॉलची शिवण, सरळ जायची. मॅटवर तर डावखुऱ्याचा आत येणारा बॉल म्हणजे बॅट्समनच्या पॅडवर ठाप ठाप ठाप.

मग अंडर-19 च्या निवडीची नेट. आमचे कोच होते एक, नाव नाही सांगत, हयात आहेत. मी रनअपची खूण म्हणून माझी चप्पल ठेवायचो, तशी ठेवली, 11 पावलांवर. सरांनी बघितलं. आले, काही बोलले नाहीत, पायानेच माझी चप्पल ढकलत ढकलत मागे नेली. मागे, अजून मागे, पार साइट स्क्रीनच्या दिशेने. आणि म्हणाले, "फास्ट बोलर आहेस ना? मग तिथून ये. इथून पूजा करायला येतात." सगळी पोरं हसली. मी तिथून आलो. पहिला बॉल वाइड, दुसरा फुलटॉस, तिसऱ्याला उतरताना कंबरेत ती जुनी कळ आली आणि मी हात वर करून थांबलो. सर वहीत काहीतरी लिहीत होते. "झालं? नेक्स्ट."

संपलं. लिस्टमध्ये नाव नव्हतं. घरी वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले बरं झालं, आता एम-थ्रीचा, म्हणजे गणिताचा अभ्यास कर. झहीरच्या वडिलांनी मात्र त्याला इंजिनिअरिंगच्या उंबरठ्यावरून परत फिरवलं होतं, की इंजिनिअर खूप आहेत, तू फास्ट बोलर हो. दोन वडील, दोन सल्ले. मी आज हिंजवडीत जावा लिहितो.

आता जुलै 2007, इंग्लंडचा दौरा, ट्रेंट ब्रिजची टेस्ट. आधीच्या टेस्टमध्ये लॉर्ड्सला पावसाने वाचवलं होतं. आता हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये टीव्ही, रिमोट मेसवाल्याकडे. पहिल्या डावात झहीरने 4 काढले होते. मग तो बॅटिंगला आला तर क्रीजवर कोणीतरी जेली बीन्स टाकून ठेवलेल्या, गोळ्या हो, लहान पोरं खातात त्या. झहीर बॅट दाखवत पीटरसनकडे गेला. आणि मग इंग्लंडच्या दुसऱ्या डावात जे टाकलंय त्याने, राउंड द विकेट, म्हणजे स्टंपच्या दुसऱ्या बाजूने येऊन, 75 रनमध्ये 5 विकेटा. कुकला पायचीत, स्ट्रॉसला धोनीकडे झेल. वॉन 124 वर सेट झालेला, त्याला बोल्ड. मॅचमध्ये 9. आणि स्पीड? तुमचं ते "नेच". रनअप तोच, छोटा. मी त्या रूममध्ये उभा राहून ओरडलो की बघा, चप्पल कुठे आहे बघा! कोणालाच काही कळलं नाही. आपण ती सिरीज 1-0 जिंकलो, इंग्लंडमध्ये 1986 नंतर पहिल्यांदा.

त्याची खरी चलाखी तुम्हाला जुन्या मॅच बघितल्या तर दिसेल. जुना बॉल असला की धावत येताना उजवा पंजा बॉलवर झाकून यायचा, म्हणजे चकचकीत बाजू कुठली हे बॅट्समनला शेवटपर्यंत दिसायचंच नाही. समोरच्याला आत येणार की बाहेर जाणार याचा अंदाज हातावरून बांधायची सवय, तो हातच याने झाकून टाकला. साउथ आफ्रिकेच्या ग्रॅम स्मिथसारखा दणकट ओपनर, पण झहीर समोर आला की त्याचे पाय जागचे हलायचे नाहीत, किती वेळा आउट केलाय त्याला. 2011 च्या वर्ल्ड कपच्या क्वार्टर फायनलला अहमदाबादला ऑस्ट्रेलियाच्या माइक हसीची दांडी नकल बॉलवर गेली, बोटांच्या सांध्यात बॉल धरून टाकलेला, ॲक्शन पूर्ण फास्ट बोलरची आणि बॉल रांगत येतोय. हे 150 वाल्याला सुचत नाही, कारण त्याला गरज पडत नाही. 92 टेस्टमध्ये 311 विकेटा, वनडेत 282, आणि 2011 च्या वर्ल्ड कपला 21, आफ्रिदीच्या बरोबरीने सगळ्यात जास्त.

त्या 2011 च्या फायनलला मी मुद्दाम श्रीरामपूरला गेलो. मामा, तीच खोली, सतरंजीच्या जागी सोफा. झहीरची पहिली ओव्हर मेडन, एकही रन नाही. दुसरी मेडन. मी मामांकडे बघितलं नाही मुद्दाम. तिसरीही मेडन. 5 ओव्हर, 3 मेडन, 6 रन आणि थरंगाची विकेट, स्लिपमध्ये सेहवागने कॅच घेतला तेव्हा मामा उठून उभे राहिले होते, मी पाहिलंय, ते नाही म्हणतात. मग शेवटी श्रीलंकेने ठोकलं, झहीरचे एकूण 10 ओव्हरमध्ये 60 झाले. आपण कप जिंकला, बाहेर फटाके, लोक चौकात नाचतायत, आणि मामा मला म्हणतात, "शेवटी 60 दिलेच ना लेका."

बरं, तुमचा मुलगा. स्पीड वाढवायला काय करू, असं विचारलंय. माझं मत विचाराल तर कुठलाही कोच त्याच्या रनअपची चप्पल मागे ढकलत असेल तर कोच बदला. तालुक्याच्या गावात राहतो म्हणून घाबरू नका, पण तिथेच बसूनही होत नाही. झहीर 17 च्या आसपास मुंबईला गेला, सुधीर नाईकांच्या नॅशनल क्रिकेट क्लबकडून खेळला, मग चेन्नईला एमआरएफ पेस फाउंडेशन, तिथे शिकवायला ऑस्ट्रेलियाचा जुना फास्ट बोलर डेनिस लिली. मुंबईच्या रणजी टीममध्ये जागा मिळेना तर बडोद्याला गेला आणि बडोद्याला 2000-01 ची रणजी जिंकून दिली. कुठेही अडून बसला नाही. मॅटवर टाकत असेल तर आठवड्यात किती बॉल टाकतो ते वहीत लिहायला लावा, मॅटखाली सिमेंट असतं आणि 16 व्या वर्षी कंबर कच्ची असते, हे मी अनुभवाने सांगतोय.

एक मात्र सांगायलाच हवं, नाहीतर मामा कमेंटमध्ये येतील. झहीरने स्पीड कमी केला तो आधी स्पीड होता म्हणून. मुळात ज्याच्याकडे तो नाही त्याने 11 पावलांवरून सुरुवात केली तर तो मिडीयम पेसरच राहतो, आणि तसे गल्लीत दहा असतात. त्यामुळे 16 व्या वर्षी मुलाला जोरात टाकू द्या, आमचे सर त्या एका बाबतीत अगदीच चूक नव्हते. पद्धत चूक होती. आणि छोटा रनअप करून झहीरच्या दुखापती थांबल्या असंही नाही, 2011 ला लॉर्ड्सला पहिल्याच दिवशी 2 विकेटा काढून मांडी धरून बाहेर गेला आणि आपण ती सिरीज 4-0 हरलो. तो होता तर काय झालं असतं यावर पुन्हा कधीतरी.

मी अजून टाकतो, ऑफिसच्या टूर्नामेंटला, 11 पावलं. आता तर 9 म्हणा.

मुलगा डावखुरा आहे की उजवा ते तुम्ही लिहिलंच नाही. डावखुरा असेल तर वरचं अर्धं उत्तर त्याला चालेल, उजवा असेल तर दुसऱ्या कोणाला तरी विचारा.