२०१५ची डस्टर घ्यावी की २०१९ची ब्रेझा?

प्रश्न : मी संगमेश्वर तालुक्यात खासगी पशुवैद्यक म्हणून काम करतो. पावसाळ्यात गाय अडली की रात्री-अपरात्री वाडीवर जावे लागते आणि शेवटचा टप्पा बहुधा चिकट लाल मातीच्या चढाचा असतो. २०१५ची रेनॉ डस्टर एडब्ल्यूडी (चारही चाकांना ताकद देऊ शकणारी, १,०५,००० किमी) आणि २०१९ची मारुती व्हिटारा ब्रेझा (५८,००० किमी) या दोन्ही डिझेल गाड्या जवळपास सारख्याच किमतीत मिळत आहेत. कोणती घ्यावी?

उत्तर : केवळ वय आणि किलोमीटर पाहिले, तर ब्रेझा निःसंशय सरस आहे. तिचे १.३ लिटरचे इंजिन गावोगावच्या मेकॅनिकच्या हातातले आहे आणि त्यात व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची चाल जुळवायला टायमिंग चेन (साखळी) असल्यामुळे ठरावीक काळाने टायमिंग बेल्ट (पट्टा) बदलण्याचा खर्च येत नाही. मात्र तिच्यात इंजिनाची ताकद फक्त पुढच्या चाकांना मिळते. चढावर गाडीचा भार मागे सरकतो, पुढची चाके नेमकी तेव्हाच हलकी होतात आणि ओल्या मातीत जागच्या जागी फिरू लागतात. डस्टर एडब्ल्यूडीमध्ये अशा वेळी मागची चाकेही ओढू लागतात. चढाच्या पायथ्याशीच गाडी ठेवून, औषधांची पेटी घेऊन चिखलातून चढण्यात जाणारा वेळ वासराच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून तुमच्या कामासाठी माझा कौल डस्टरला आहे, पण तपासणीनंतरच.

गाडी लिफ्टवर चढवून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट, त्याचे जोड आणि मागच्या डिफरन्शियलची (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याची) तेलगळती पाहावी. मग सैल मातीच्या चढावर एडब्ल्यूडीचा नॉब ‘लॉक’वर (मागची चाके जोडलेली ठेवणाऱ्या स्थितीत) ठेवून गाडी सावकाश उचलावी आणि बाहेर उभ्या माणसाने मागची चाके खरोखर जोर लावतात का, हे पाहावे. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले असावेत. पुढचे नवे आणि मागचे गुळगुळीत असतील, तर चाकांच्या फेऱ्यांत पडणारा फरक मागच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या कपलिंगला सोसावा लागतो. डस्टरच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे; तो बदलल्याचे बिल नसेल, तर तो खर्च किमतीत धरून लगेच बदलून घ्यावा, कारण बेल्ट तुटल्यास व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनच उघडावे लागते.

ही डस्टर भारतात २०२२ साली बंद झाली. तिचे १.५ लिटरचे डिझेल इंजिन निसान टेरानोतही असल्याने त्याच्या सुट्या भागांची फारशी चिंता नाही. पण मागच्या चाकांच्या यंत्रणेचे भाग फक्त एडब्ल्यूडी गाड्यांचेच, म्हणून ते शोधावे लागतात. त्यामुळे ही यंत्रणा बिघडलेली असेल, तर किंमत कितीही उतरवली तरी ती गाडी घेऊ नये. नोंदणीची १५ वर्षे २०३० साली संपतील आणि पुढे फिटनेस तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागेल, हेही किंमत ठरवताना सांगावे.

मालक लिफ्टवर तपासणी करू देत नसेल, तर ब्रेझा घ्यावी आणि पावसाळ्यापूर्वी तिला खोल नक्षीचे टायर बसवावेत.