न्यूयॉर्कच्या फेडरल हॉलमध्ये वॉशिंग्टन यांनी शपथ घेतली तीच इमारत आज दिसते का?

नाही. 30 एप्रिल 1789 ला जॉर्ज वॉशिंग्टन यांनी राष्ट्राध्यक्षपदाची पहिली शपथ घेतली ती जागा हीच, 26 वॉल स्ट्रीट. पण ती इमारत 1812 मध्ये पाडली. समोर दिसणारी डोरिक (प्राचीन ग्रीक शैलीच्या) खांबांची संगमरवरी वास्तू 1842 ची. ती बांधली कस्टम हाउस (जकात कार्यालय) म्हणून, पुढे तिथे सरकारी खजिना आला. त्यामुळे आत शिरून 'शपथेची खोली' शोधणाऱ्यांची निराशा ठरलेली. तशीही शपथ खोलीत झालीच नव्हती. ती झाली दुसऱ्या मजल्यावरच्या सज्जात, रस्त्यावरच्या गर्दीसमोर. वॉशिंग्टन ज्या फरशीवर उभे होते ती मात्र आत जपून ठेवली आहे. ती चुकवू नका. बाहेर पायऱ्यांवरचा वॉशिंग्टन यांचा पुतळा 1880 च्या दशकातला, लोक फोटो काढून तिथूनच परत फिरतात!

नागरिकांच्या मूलभूत हक्कांच्या घटनादुरुस्त्या अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) इथेच सप्टेंबर 1789 मध्ये मंजूर करून राज्यांकडे पाठवल्या. 1790 मध्ये देशाची राजधानी न्यूयॉर्कहून फिलाडेल्फियाला गेली.

प्रवेश मोफत. साधारणतः सोमवार ते शुक्रवारच उघडे असते, त्यामुळे शनिवार-रविवारचा बेत टाळा. सबवेचे वॉल स्ट्रीट किंवा ब्रॉड स्ट्रीट स्टेशन जवळ पडते.