नरसाळ्यातल्या बशा

प्रश्न : चुनखडीच्या खाणीत जीवाश्म शोधताना ढिगाऱ्यात बोटाएवढा जाड, ७ सेंटिमीटर लांब, मधाच्या रंगाचा दगड मिळाला. एक टोक अणकुचीदार, दुसरं तुटकं. तुटक्या टोकाला नरसाळ्यासारखा खळगा आहे आणि त्यात पातळ बशा एकीत एक बसवल्यासारखं काहीतरी दिसतं. मित्र म्हणतो, डायनोसॉरचा दात. खळगा व्हिनेगरने साफ करू का?

उत्तर : आधी ती बाटली जागेवर ठेवा. चुनखडी काय आणि तुमचा जीवाश्म काय, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच. व्हिनेगरला त्यांतला फरक कळत नाही. सुरुवातीला मीही असा एक नमुना रात्रभर भिजत घातला होता. सकाळी बशा गेल्या होत्या, वाटीच्या तळाशी पांढरट गाळ तेवढा होता. मऊ ब्रश, टूथपिक आणि साधं पाणी पुरे.

मित्राची निराशा होईल, पण वर्णनावरून हा दात नसून बेलेम्नाइट वाटतो, म्हणजे म्हाकुळाचा नामशेष भाऊबंद. कवच त्याच्या शरीराच्या आत असे. तुम्हाला मिळालेला निमुळता भाग हे त्या कवचाचं भरीव शेपूटटोक. तुटलेल्या कडेवर भिंग धरा : कॅल्साइटच्या (कॅल्शियम कार्बोनेटच्या एका स्फटिकरूपाच्या) बारीक सुया एका बिंदूतून चहूकडे फाकलेल्या दिसतील, शिवाय झाडाच्या खोडासारखी वलयं. दातात असं दिसत नाही.

खरी मौज त्या बशांची आहे. त्या हवाबंद कप्प्यांच्या भिंती. कप्प्यांतल्या वायूमुळे प्राणी तरंगे आणि मागच्या जड टोकामुळे आडवा राही. हा भाग मुळात ॲरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्याच दुसऱ्या रूपाचा, तो लवकर विरघळतो. म्हणून बहुतेकांच्या हाती नुसतं भरीव टोक, म्हणजे बंदुकीच्या गोळीसारखी दिसणारी ‘गोळी’च लागते. तुमच्याकडे बशा आहेत, हेच नवल.

आता एक काम करा. दहापट भिंगातून बशीवर बारीकसा ठिपका शोधा. ती कप्प्यांमधून जाणाऱ्या नळीची खूण. ठिपका अगदी कडेला असेल तर बेलेम्नाइट पक्का, आणि दगड बहुधा जुरासिक किंवा क्रिटेशियस काळातला. मधोमध असेल तर मात्र माझं उत्तर चुकलं : तो सरळ कवचाचा नॉटिलॉइड, म्हणजे कवच बाहेर असलेला म्हाकुळाचा दूरचा नातलग, असू शकतो, आणि मग दगड कितीतरी जुना निघेल. ढिगारा खाणीच्या कोणत्या थरातून आला तेही विचारून ठेवा. ठिपक्याचा फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून, पाठवा.