जुन्या पिकअपच्या हीटर ब्लोअरला रिले कसा लावावा?

तुमचा ब्लोअर फुल स्पीडला मंद फिरतो आणि स्विचचा कपलर (वायर जोडणारा प्लास्टिकचा कनेक्टर) तपकिरी पडलाय, म्हणजे मोटरचा सगळा करंट त्या स्विचमधून जातोय. नुसता स्विच बदललात तर तोही जळेल.

म्हणून १२ व्होल्टचा, ४० अँपिअरचा पाच पिनांचा रिले घ्या, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. ८५, ८६, ३०, ८७ आणि ८७ए हे त्याच्या पिनांचे नंबर. स्विचची फुल स्पीडची वायर कापा आणि स्विचकडचं टोक ८६ ला द्या. ८५ बॉडी अर्थला (गाडीच्या पत्र्याला), रंग खरवडून. ३० मोटरला, ८७ बॅटरीला ४ चौरस मिमी वायरने, आणि रेझिस्टरकडून (कमी स्पीडसाठी करंट कमी करणारा भाग) मोटरला येणारी वायर ८७ए ला. चार पिनांचा रिले कृपया टाळा. काही गाड्यांत रेझिस्टरमधून करंट उलटा फिरून ८६ ला पोचतो आणि चावी काढली तरी ब्लोअर चालूच राहतो. सकाळी बॅटरी डाऊन!

३० अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळच हवा, नाहीतर वाटेत वायर घासली तर आग लागेल.

ही जोडणी स्विच पॉझिटिव्ह बाजूला असेल तरच चालते. काही गाड्यांत स्विच अर्थची बाजू तोडतो, आधी टेस्ट लॅम्पने बघा. २४ व्होल्टच्या ट्रकला रिलेही २४ चाच लागतो.

मोटर हाताने फिरवून पाहिलीत का? जड फिरत असेल तर आधी तिचे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ते बेअरिंग) बदला.